गोलकीपरचं कप्तानपद परत करा

एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली नॅशनल हॉकी लीग, ही बर्फावरच्या हॉकीतली जगातली सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्या नियमपुस्तकातला सहावा नियम कर्णधाराबद्दल आहे. त्यात एक वाक्य आहे : गोलकीपरला कर्णधाराचे किंवा उपकर्णधाराचे अधिकार बजावता येणार नाहीत. बस, एवढंच. त्याचं वय काय, अनुभव किती, ड्रेसिंग रूममध्ये त्याचा शब्द चालतो की नाही, कशाचीच चौकशी नाही. पायाला पॅड बांधलेत? मग तू नाहीस.

ही बंदी 1948 सालची आहे. तेव्हापासून जगात आणि या खेळातही काय काय बदललं, पण हे वाक्य जागचं हललं नाही. ते खोडायला हवं. त्यात कुणाचं नुकसान आहे, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

आपल्याकडे हा खेळ लडाखकडे खेळतात. बाकी आपल्याला तो टीव्हीवर दिसतो, नाहीतर टोरांटो-एडमंटनला गेलेल्या भाच्या-पुतण्यांच्या तोंडून ऐकू येतो. म्हणून आधी थोडं सांगते. बर्फाचं मैदान दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद. एका बाजूला सहा जण, पाच स्केटर आणि एक गोलकीपर. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. खेळायचं ते रबराच्या जाड चकतीने, तिला पक म्हणतात. चांगला फटका बसला की ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते. स्केटर इतके जोरात पळतात की पाऊण-एक मिनिटात दमतात. खेळ चालू असतानाच कुंपणावरून उडी मारून ते बाकावर येतात आणि ताजे गडी आत जातात. साठ मिनिटांच्या सामन्यात उत्तम स्केटरही वीस मिनिटांच्या आसपासच बर्फावर असतो. गोलकीपर मात्र एरवी पूर्ण साठ मिनिटं उभा असतो.

कर्णधाराच्या जर्सीवर छातीपाशी ‘सी’ अक्षर असतं, उपकर्णधारांच्या ‘ए’. नियमपुस्तक या ‘सी’ला एकच हक्क देतं. पंचाने दिलेल्या निर्णयाचा नियमाप्रमाणे अर्थ काय, हे पंचाला विचारायचा. बाकी नेतृत्व, धीर देणं, नवख्या पोराला बाजूला घेऊन समजावणं, हे काही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते संघ आपापलं ठरवतो.

आता हा नियम आला कुठून?

मॉंट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर बिल डर्नन. दोन्ही हातांनी सारखाच खेळणारा. दोन्ही हातांत असे खास हातमोजे घालायचा की काठी या हातातून त्या हातात नेता यायची आणि पक दोन्ही बाजूंना झेलता यायचा. सात मोसम खेळला आणि त्यातल्या सहांत सर्वोत्तम गोलकीपरचा व्हेझिना करंडक त्याच्याकडे होता. जानेवारी 1948 मध्ये संघाचा कर्णधार टो ब्लेक याचा पाय मोडला, त्याची कारकीर्दच संपली. कप्तानी डर्ननकडे आली. डर्ननने ती मनापासून केली. निर्णय पटला नाही की तो आपली जागा सोडून पंचाकडे जायचा आणि विचारायचा. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली की हा मोक्याच्या वेळी मुद्दाम जातो, तेवढ्यात त्याच्या दमलेल्या संघाला फुकटची विश्रांती मिळते. पुढच्या मोसमापासून लीगने गोलकीपरच्या कप्तानीवर बंदी आणली. आजही लोक तिला डर्ननचा नियम म्हणतात.

तक्रार खोटी होती असं मी म्हणत नाही. वेळ जात असणार. पण वेळकाढूपणावर इलाज वेळकाढूपणाचा करायचा. लांबून चालत येऊ नकोस, तुझ्या वतीने जवळचा कुणीतरी बोलेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. लीगने तसं केलं नाही, तिने त्या जागेवर खेळणाऱ्या प्रत्येक माणसाचा हक्क काढून घेतला. जे तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांचाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

शिवाय ज्या दुखण्यावर हे औषध होतं ते दुखणंही आता उरलेलं नाही. आज सामन्यात टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ ठरावीक वेळी थांबतो. प्रत्येक संघाला तीस सेकंदांचा टाइमआउट मिळतो. बर्फावर दोन रेफ्री आणि दोन लाइन्समन असतात आणि ते स्वतः बाकाजवळ जाऊन प्रशिक्षकाशी बोलतात. गोलवर शंका असेल तर 2015च्या मोसमापासून प्रशिक्षकच दाद मागतो आणि निर्णय व्हिडिओ बघून होतो. त्या वादात कर्णधाराचं काम फारसं उरलेलंच नाही. डर्ननच्या चालण्याने कुणाचा दम परत येत होता ही भीती 1948 सालची होती. ती तिथेच ठेवू या.

अंतराचं म्हणाल तर फुटबॉलकडे बघा. फुटबॉलचं मैदान साधारण एकशे पाच मीटर लांब असतं, बर्फाचं रिंक एकसष्ट मीटर. फुटबॉलमधला गोलकीपर पंचापासून कितीतरी लांब उभा असतो, तरी तिथे गोलकीपर कर्णधार होतो आणि विश्वचषकही उचलतो. 1982 मध्ये इटलीचा दिनो झॉफ, वय चाळीस. 2010 मध्ये स्पेनचा इकर कासियास. 2018 मध्ये फ्रान्सचा ह्युगो लॉरिस. युरोपच्या फुटबॉल संघटनेने 2024च्या युरो स्पर्धेत तर पंचाशी फक्त कर्णधारानेच बोलायचं असं बंधन घातलं. म्हणजे डर्ननचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे आला : कर्णधारच गोलकीपर असेल तर? त्यांनी बंदी घातली नाही. अशा संघाने मैदानातल्या दुसऱ्या एका खेळाडूचं नाव द्यायचं, पलीकडच्या टोकाला काही घडलं तर तो बोलेल, असं सांगून टाकलं. इटलीचा त्या वेळचा कर्णधार जानलुइजी दोन्नारुम्मा गोलकीपर होता. तो कर्णधार राहिला आणि खेळही अडला नाही.

बर्फावरच्या हॉकीला तर एवढीही मेहनत नको. तिथे ‘ए’वाले उपकर्णधार आधीपासूनच आहेत. कर्णधार बाकावर असेल तर बर्फावर असलेला उपकर्णधार पंचाशी बोलतो, हे रोज रात्री, प्रत्येक सामन्यात चालतं. कारण कर्णधार स्केटर असला तरी दोन-तृतीयांश वेळ बाकावरच बसलेला असतो, आणि बाकावरून उठून पंचाकडे तक्रार घेऊन जायला त्यालाही मनाई आहे. चाळीस मिनिटं बाकावर बसणारा कर्णधार चालतो आणि साठ मिनिटं बर्फावर उभा असणारा चालत नाही, हा कुठला हिशेब?

गोलकीपरने आपली जाळी सांभाळावी, बाकीच्यात लक्ष घालू नये, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एक सामना नुसता गोलकीपरकडे बघत काढावा. समोरच्या संघाने पक लांबून आपल्या गोलच्या मागे ढकलला की बचावपटू तो आणायला मागे पळतो. त्या क्षणी त्याची पाठ सगळ्या खेळाकडे असते. मागून नव्वद-शंभर किलोचा गडी अंगावर येतोय की नाही हे त्याला दिसत नाही. त्याचे डोळे तेव्हा गोलकीपर असतो. मास्कच्या आडून तो ओरडतो. ‘टाइम’ म्हणजे वेळ आहे, शांतपणे वळ. ‘मॅन ऑन’ म्हणजे आला, लगेच सोड. ‘रिव्हर्स’ म्हणजे आलास त्याच बाजूला उलटा फिरव. या एका शब्दावर बचावपटूची बरगडी शाबूत राहते किंवा तो काचेवर आदळतो. गोलकीपरने गोलमागे जाऊन पक अडवायचा, सहकाऱ्याला काढून द्यायचा, ओरडून बचाव हलवायचा, ही पद्धत मॉंट्रियलच्याच झाक प्लांतने 1950च्या दशकात रुळवली. अख्खं रिंक समोर दिसणारा संघात तो एकटाच असतो. खेळ तो चालवतोच आहे, त्याच्या छातीवर तसं लिहायला तेवढी बंदी आहे.

पूर्वी असं नव्हतं, हे आज बऱ्याच चाहत्यांच्या ध्यानातही नसतं. 1932-33च्या एकाच मोसमात मॉंट्रियलला जॉर्ज हेन्सवर्थ, ओटावाला अॅलेक कॉनेल आणि न्यूयॉर्क अमेरिकन्सला रॉय वर्टर्स असे तीन गोलकीपर कर्णधार होते. आणि त्याच्या पुढच्याच मोसमात चार्ली गार्डिनर.

गार्डिनरबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं. जन्म स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा, वाढला कॅनडातल्या विनिपेगमध्ये. 1933-34 मध्ये तो शिकागो ब्लॅक हॉक्सचा कर्णधार होता. त्या मोसमात शिकागोने लीगमध्ये सर्वांत कमी गोल केले होते. ज्या संघाला गोल करता येत नाहीत तो जिंकतो कसा? गोल होऊ न देऊन. शिकागोवर झालेले गोलही लीगमध्ये सर्वांत कमी होते आणि व्हेझिना करंडक गार्डिनरला मिळाला. मोसमभर त्याला घशाच्या गाठींचा संसर्ग छळत होता. ताप यायचा, दुखणं शरीरभर पसरलं होतं. तो खेळत राहिला. आज कुठलाही डॉक्टर त्याला बर्फावर उतरू देणार नाही, आणि उतरू देऊही नये. पण त्या संघाला त्याच्याकडे बघून बळ येत होतं, हे खरं आहे.

अंतिम फेरीत समोर डेट्रॉइट. 10 एप्रिल 1934, शिकागो. सामना शून्य-शून्य. जादा वेळेचा पहिला भाग संपला, तरी शून्य-शून्य. दुसऱ्या जादा वेळेत मश मार्च नावाच्या छोट्या चणीच्या गड्याने गोल केला आणि शिकागोने पहिल्यांदा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. तेवढा वेळ आजारी कर्णधाराने एकही पक आत जाऊ दिला नव्हता. पैजेत ठरल्याप्रमाणे रॉजर जेंकिन्स या सहकाऱ्याने त्याला हातगाडीत बसवून शिकागोच्या भर व्यापारी भागातून फिरवलं. दोन महिन्यांनी, 13 जूनला, मेंदूतल्या रक्तस्रावाने गार्डिनर विनिपेगमध्ये गेला. वय एकोणतीस.

त्याच्या तीनच दिवस आधी, 10 जूनला, रोममध्ये फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. इटलीचा कर्णधार जानपिएरो कोम्बी गोलकीपर. हरलेल्या चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार फ्रांतिशेक प्लानिच्का, तोही गोलकीपर. म्हणजे 1934च्या त्या दोन महिन्यांत दोन खेळांतले सर्वांत मोठे चषक गोलकीपर कर्णधारांनी जिंकले. फुटबॉलमध्ये ती परंपरा चालू राहिली. हॉकीत गार्डिनर हा स्टॅन्ली कप जिंकणारा पहिला गोलकीपर कर्णधार ठरला आणि शेवटचाही. दुसरा होणार कसा? वाटच बंद केली.

वाट बंद केली म्हणून नेतृत्व थांबतं असं नाही. ते नाव न घेता चालतं, आणि त्याचे परिणाम कधीकधी फार वाईट होतात. मॉंट्रियलमध्ये पॅट्रिक रॉय हा गोलकीपर होता. 1993 मध्ये त्याच्या जोरावर कॅनेडियन्सने एकाच मोसमाच्या बाद फेऱ्यांत जादा वेळेतले दहा सामने ओळीने जिंकले आणि स्टॅन्ली कप आणला. आता 2 डिसेंबर 1995ची रात्र घ्या. घरच्या रिंकवर डेट्रॉइटने मॉंट्रियलला 11-1 असं धुतलं. रॉयवर गोलमागून गोल होत होते आणि प्रशिक्षक मारिओ ट्रेंब्ले त्याला बाहेर काढत नव्हता. मध्येच एक साधा फटका रॉयने अडवला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी चिडवण्यासाठी टाळ्या वाजवल्या. रॉयने दोन्ही हात वर केले. नऊ गोल झाल्यावर एकदाचा त्याला बोलावलं. तो बाकापाशी आला, प्रशिक्षकासमोरून गेला, मागे बसलेले क्लबचे अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांच्यापुढे वाकला आणि म्हणाला की मॉंट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोराडोला देऊन टाकलं. जूनमध्ये कोलोराडोने स्टॅन्ली कप जिंकला.

त्या रात्री मॉंट्रियलचा कर्णधार कोण होता? माइक कीन. चांगला खेळाडू, मेहनती माणूस. रॉयबरोबर त्यालाही कोलोराडोला पाठवलं, हे फार थोड्यांना आठवतं. शहर हळहळत होतं ते गोलकीपरसाठी. संघाचा कणा कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, फक्त नियमाला मान्य नव्हतं. रॉयसारख्या तापट माणसाला कर्णधार करावं का, असं कुणी विचारलं तर मीही दहादा विचार करीन. पण तो विचार संघाने करायचा. पुस्तकाने आधीच दार लावून घेतलं तर विचार करायची वेळच येत नाही.

न्यूयॉर्क रेंजर्सचं तर याहून उघड. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी आपला कर्णधार रायन मॅकडोना दुसऱ्या संघाला दिला. त्यानंतर ऑगस्ट 2022पर्यंत, चार वर्षांहून जास्त काळ, संघाला कर्णधारच नव्हता. यातल्या सुरुवातीच्या दोन-अडीच वर्षांत त्यांच्याकडे गोलकीपर हेन्रिक लुंडक्विस्ट होता. 2005पासून त्याच क्लबची जर्सी घालणारा, गावभर मान असलेला, शब्दाला वजन असलेला. रेंजर्सनी त्याला नेमलं असतं की नाही हे तेच जाणोत. पण ‘सी’ रिकामा पडलेला, माणूस समोर बसलेला, आणि त्याच्या छातीवर ते अक्षर लावायची सोय नाही! मला याचा राग येतो.

त्याच्या कितीतरी आधी एका क्लबने हिंमत केली होती. सप्टेंबर 2008 मध्ये व्हॅंकुव्हर कनक्सनी गोलकीपर रोबेर्तो लुआँगोला कर्णधार जाहीर केलं. डर्ननच्या नंतर साठ वर्षांनी. लीगने नियम बदलला नाही. त्यामुळे पंचाशी बोलायचं काम बचावपटू विली मिचेलकडे, समारंभात पुढे उभं राहायचं काम मॅटियास ओलुंडकडे. लुआँगोच्या जर्सीवर ‘सी’ नाही. त्याने तो एका मास्कवर, हनुवटीपाशी रंगवून घेतला आणि मोसमाच्या सुरुवातीला तो मास्क अधूनमधून घातला. देशातला नावाजलेला गोलकीपर, क्लबने जाहीर केलेला कर्णधार, आणि त्याने आपलं पद हनुवटीखालच्या चित्रात ठेवायचं. हा त्या माणसाचा आणि त्या क्लबचा अपमान होता, आणि लीगने तो दोन मोसम चालू दिला.

लुआँगोची कप्तानी फार सुखाची झाली नाही, हे झाकायचं कारण नाही. 11 मे 2009ला शिकागोने त्यांना 7-5 असं हरवून बाद फेरीतून बाहेर काढलं. सात गोल गोलकीपरच्या नावावर चढतात, आणि पराभवाचा जाब कर्णधाराला विचारतात. इथे दोन्ही माणसं एकच. पुढच्या वर्षी पुन्हा शिकागो, पुन्हा त्याच फेरीत हार. व्हॅंकुव्हरसारख्या हॉकीवेड्या गावात कर्णधाराने रोज पत्रकारांसमोर उभं राहायचं असतं, आणि बहुतेक गोलकीपरना सामन्याच्या दिवशी कुणाशी बोलायचं नसतं. सप्टेंबर 2010 मध्ये लुआँगोने पद सोडलं. ‘सी’ हेन्रिक सेदिनकडे गेला आणि त्या मोसमात संघ स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला.

बंदीच्या बाजूचे लोक इथेच टेबलावर हात मारतात. बघा, सांगत नव्हतो? मला हा पुरावा पटत नाही. एक तर तो सातवा सामनाही व्हॅंकुव्हर हरलं, कर्णधार स्केटर असूनही. आणि 2010च्या फेब्रुवारीत, कनक्सचा कर्णधार असतानाच, याच लुआँगोने ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाची जाळी राखली आणि सुवर्ण जिंकलं, तेही व्हॅंकुव्हरमध्येच. कप्तानीने त्याचा खेळ मोडला असता तर ते घडलं नसतं. मुख्य म्हणजे त्याने पद घेतलं आणि जमेना म्हणून स्वतः सोडलं. असंच व्हायला हवं ना? स्केटरही कप्तानी सोडतात, त्यांच्याकडून काढूनही घेतात. म्हणून कुणी स्केटरांवर बंदी घाला म्हणत नाही. 2012च्या लंडन ऑलिंपिकला आपल्या मैदानी हॉकीचा कर्णधार भरत छेत्री गोलकीपर होता आणि भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. चारच वर्षांनी रिओला पी. आर. श्रीजेश कर्णधार होता, तोही गोलकीपर. महिला संघाची धुरा 2022च्या विश्वचषकात सविता पुनियाने वाहिली, तीही गोलकीपरच. एक पराभव झाला म्हणून कुणी एक अख्खी जागा बाद केली नाही.

मैदानी हॉकीचा विषय निघालाच आहे तर शंकर लक्ष्मण यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. महूचा मुलगा, सैन्याच्या बॅंडमध्ये भरती झाला आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. 1956ला मेलबर्नमध्ये पाकिस्तानविरुद्ध 1-0 आणि सुवर्ण. 1960ला रोममध्ये 0-1 आणि रौप्य. 1964ला टोकियोत पुन्हा 1-0 आणि सुवर्ण. तीन ऑलिंपिक अंतिम सामने, समोर प्रत्येक वेळी पाकिस्तान, आणि जाळीत उभ्या या माणसावर तिन्ही मिळून एकच गोल. 1966ला बॅंकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने त्यांनाच कर्णधार केलं. अंतिम सामन्यात परत पाकिस्तान, परत 1-0, आणि आशियाई हॉकीतलं भारताचं पहिलं सुवर्ण. मैदान नव्वद मीटरच्या वर लांब. पंचाशी बोलायला लक्ष्मण यांना किती चालावं लागेल, हे त्यांना कर्णधार करताना कुणाला अडचणीचं वाटलं नाही. पुढे 2006 साली महूला हलाखीत, पाय गॅंग्रीनने सडून, ते गेले. आपण त्यांना विसरलो, ही आपली लाज वेगळीच, आणि ती कॅनडाच्या लीगवर ढकलता येत नाही. पण त्यांच्या वाट्याचं मानाचं पान आपण जागेमुळे काढून घेतलं नव्हतं, एवढं तरी म्हणता येतं.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. सामना एका गोलने हातातून जात असला की शेवटच्या दीड-दोन मिनिटांत प्रशिक्षक गोलकीपरला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा स्केटर पाठवतो. जाळी रिकामी, सगळे पुढे. म्हणजे सर्वांत अटीतटीच्या वेळी गोलकीपर कर्णधार बाकावर असेल. शिवाय ब्याऐंशी सामन्यांच्या मोसमात पहिल्या पसंतीचा गोलकीपरही वीस-पंचवीस सामने विश्रांती घेतो, आणि खेळ बिघडला तर त्याला मध्येच बदलतात. हे खरं आहे. म्हणूनच मला वाटतं की बहुतेक संघ मोकळीक मिळाली तरी स्केटरच निवडतील, आणि त्यांनी तसं करणं शहाणपणाचंच असेल. दहा-वीस वर्षांत एखादाच गोलकीपर असा निघेल की त्याच्याशिवाय दुसरं नावच कुणाच्या तोंडी येणार नाही. त्या एकासाठी दार उघडं हवं. कर्णधार जायबंदी होतो तेव्हा संघ तीन उपकर्णधारांवर आठवडेच्या आठवडे काढतात, त्यांना दोन मिनिटं जड जाणार नाहीत.

नियम बदलणं या लीगला नवीन नाही. सुरुवातीच्या काळात गोलकीपरने फटका अडवताना बर्फावर लोळण घेतली तर त्याला दंड व्हायचा, त्याने उभ्यानेच खेळायचं. क्लिंट बेनेडिक्ट नावाचा गोलकीपर घसरल्यासारखं करून गुडघ्यांवर पडायचा. पंच हैराण झाले आणि जानेवारी 1918 मध्ये लीगने तो नियम काढून टाकला. आज गोलकीपर गुडघ्यांवर बसल्याशिवाय हा खेळ डोळ्यांसमोर येत नाही. उलट दिशेचंही उदाहरण आहे : 2005 मध्ये गोलच्या मागे रेषा आखल्या आणि कोपऱ्यातला पक गोलकीपरने हाताळायचा नाही असं ठरवलं, कारण मार्टिन ब्रोडरसारखे गोलकीपर तो फारच छान हाताळत होते. गोलकीपरसाठी नियम बदलता येतात, गोलकीपरविरुद्धही बदलता येतात. इच्छा कुठे आहे एवढाच प्रश्न.

आणि लीगला गोलकीपरची किंमत कळत नाही असंही नाही. आपल्या संघाला सर्वांत मोलाचा ठरलेल्या खेळाडूला हार्ट करंडक देतात. तो गोलकीपरना मिळालेला आहे. 1929 मध्ये रॉय वर्टर्सला, 1962 मध्ये प्लांतला, 1997 आणि 1998 असा लागोपाठ दोनदा डॉमिनिक हाशेकला, 2015 मध्ये केरी प्राइसला. 2025 मध्ये तो विनिपेग जेट्सच्या कॉनर हेलेबाकला मिळाला. त्याच मोसमात साखळी सामन्यांत जेट्स अख्ख्या लीगमध्ये पहिले आले होते. संघाला सर्वांत मोलाचा माणूस म्हणून लीग त्याला व्यासपीठावर बोलावते आणि करंडक हातात देते. त्याच माणसाला त्याच संघाचा कर्णधार व्हायला तीच लीग अपात्र ठरवते. या दोन गोष्टी एका पुस्तकात शेजारी शेजारी कशा नांदतात, याचं उत्तर लीगच्या धुरीणांनी द्यावं.

विनिपेगचा कर्णधार अॅडम लोरी आहे आणि तो उत्तम आहे. नियम उद्या बदलला तरी ते त्यालाच ठेवतील, अशी माझी अटकळ आहे. ठेवू देत. लीगच्या स्पर्धा समितीने पुढच्या बैठकीत सहाव्या नियमातलं ते एक वाक्य काढून टाकायची शिफारस करावी आणि त्याच्या जागी एवढंच घालावं : कर्णधार गोलकीपर असेल तर पंचाशी बोलणाऱ्या स्केटरचं नाव सामन्याआधी द्यावं. संघमालकांनी त्यावर शिक्का मारावा. पाच मिनिटांचं काम आहे.